घरचे आभार

इटलीहून तबला शिकायला आलेला एन्झो माझा भाडेकरू. भाडं खोलीचं, जेवू मी हौसेनं घालते. पण पोळी वाढली की तो म्हणे, "तुम्ही फार जेन्तीले, काकू!" आमटी वाढली की पुन्हा तेच. शब्द कळत नसला तरी सूर आभाराचाच. या आभारांनी मला खानावळवाली झाल्यासारखं वाटे.

आज वरणभातावर तूप वाढताना पुन्हा "जेन्तीले!" आलं आणि माझा चमचा हवेतच थांबला.

"याचा अर्थ काय रे? सांग, नाहीतर उद्यापासून डबा लाव."

"दयाळू," तो घाबरून म्हणाला. "मूळ अर्थ मात्र एकाच कुळातला. पुढे झाला चांगल्या कुळातला. मग लोक कूळ विसरले, नुसता चांगुलपणा उरला."

"म्हणजे मुळात मी तुझ्या कुळातली ना? मग घरच्यांचे आभार कोण मानतं, मेल्या?" तूप जरा जास्तच पडलं. "जेवण झालं की ओटा पूस."

तो ओटा पुसायला लागला.

"कोपरा राहिला," मी म्हटलं. "आणि शेगडीखाली कोण पुसणार?"

"पुसतोय ना गं काकू! किती बोलतेस!" तो वैतागला.

कान निवले माझे.