रबरी हातमोजे

अंगणात हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायला साऱ्या सुना जमल्या होत्या. केमोथेरपी चालू असलेली धाकटी, ह्ये-जिन, कोबीच्या दोन गड्ड्यांना मसाला चोळला की भिंतीला टेकून बसायची. “गाठ आतड्यात आहे ना गं? हातांना काय झालंय?” सासू माल-सुन सगळ्यांदेखत म्हणाली. जावा हसल्या. ह्ये-जिनही हसली, उठली आणि तिथेच कोसळली. इस्पितळात नर्सने ह्ये-जिनच्या हातांत घाईत तसेच राहिलेले, मिरचीने माखलेले रबरी हातमोजे ओढून काढले आणि माल-सुनकडे दिले. मोज्यांतून निघालेली बोटं कोबीच्या देठासारखी पांढरीफटक होती. “औषधांमुळे हिमोग्लोबिन निम्म्यावर आलंय,” डॉक्टर म्हणाले, “या उभ्या राहिल्या कशा?” रक्ताची पिशवी संपत आली, तसा ह्ये-जिनच्या ओठांवर रंग चढला. “दम लागत होता, तर बोलायचं नाही का?” माल-सुनने मोज्यांवरून नजर न उचलता विचारलं. “मला वाटलं, आई, मी खरंच आळशी झालेय.”