पाहणी समितीचा झुणका

"शालिकभाऊ, आजही झुणकाच करा," मॅनेजर आचाऱ्याला म्हणाले. "आपलं दिवाळं निघालंय, हे पाहुण्यांना ताटात दिसलं पाहिजे."

शालिकनं आपल्या भरघोस मिशीला पीळ दिला. बुडालेल्या कोळसा कंपनीला सरकारनं मदत द्यावी का, हे ठरवायला मुंबईची समिती पुन्हा येत होती. दर वेळी साहेब लोक खाण लांबूनच पाहायचे, गेस्ट हाऊसवर झुणका-भाकरीवर ताव मारायचे, वर ठेचा बांधून न्यायचे आणि निघताना म्हणायचे, "अजून एकदा पाहणी करावी लागेल." इकडे अख्ख्या वसाहतीचे पगार अडकले होते.

त्या दिवशी शालिकनं झुणक्यात मूठभर मीठ जास्तीचं टाकलं आणि भाकरी पार करपू दिल्या.

पहिल्याच घासाला समितीचे अध्यक्ष थांबले. गटागटा पाणी प्यायले. मग फाईल मागवून म्हणाले, "कंपनीची अवस्था फारच वाईट आहे हो. आता पुन्हा यायची गरज नाही." सही तिथंच, ताटाशेजारी झाली.

महिन्याभरात मदत आली, पगार झाले. पण सोबत एक अटही आली.

"आचारी बदला म्हणतात," मॅनेजर ओशाळून म्हणाले. "आणि पैसे कसे खर्च होतात ते बघायला सोमवारी येणार आहेत. जेवायलाच."

"बदलू की जी," शालिक म्हणाला आणि न्हाव्याकडे गेला.

सोमवारी बिनमिशीचा नवा आचारी कामावर रुजू झाला.