खर्चाचा हुकूम

निकाल ऐकताच तिने शेजारी बसलेल्या आईचा हात दाबला. सहा वर्षं दुसऱ्यांचे कपडे शिवून तिने हा दावा लढवला होता. वडिलांच्या घराचा अर्धा हिस्सा तिचाच, असं न्यायाधीश नुकतेच म्हणाले होते. आईच्या पलीकडे थोरला भाऊ खाली मान घालून बसला होता.

"आता खर्चाचं," तिची वकीलबाई उठली. "हरलेल्याने जिंकलेल्याचा खर्च द्यावा, ही रीतच आहे."

भावाच्या वकिलाने एक जुनं पत्र पुढे केलं. तडजोडीचं पत्र निकालाआधी न्यायाधीशांना दाखवायचं नाही, या नियमाप्रमाणे ते आजवर झाकून ठेवलेलं होतं. दावा दाखल झाल्यावर पंधरा दिवसांतच भावाने तिला लिहिलं होतं : अर्धं घर घे, भांडण मिटवू.

"असं पत्र मला मिळालंच नाही," ती म्हणाली.

"पोचपावतीवर तुमच्या नावाची सही आहे." न्यायाधीशांनी चष्मा वर सरकवला. "आज जे मिळालं, ते तुम्हाला तेव्हाच घरबसल्या मिळत होतं. त्यानंतरचा दोन्ही बाजूंचा खर्च तुम्हीच द्यायचा."

"हिस्सा विकूनच भागेल," वकीलबाई कानाशी म्हणाली. "चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला."

बाहेर व्हरांड्यात तिने भावाला गाठलं. "खोटी सही कुणाकडून करून घेतलीस, दादा?"

"मी कशाला करून घेऊ? मी तीन महिने उत्तराची वाट पाहिली. मग म्हटलं, हिला भाऊ नकोच आहे."

त्याच्या मुलीच्या लग्नाला ती गेली नव्हती. तिचा स्वतःचा नवरा वारला तेव्हा दादा दारापर्यंत आला होता. तिने दार उघडलं नव्हतं.

दादाने पोचपावतीची प्रत तिच्या हातात ठेवली. नाव तिचंच होतं. पण अक्षरं सुटी सुटी, थांबत थांबत काढलेली, वेलांटी भलतीकडेच वळलेली. अशी वेलांटी घरात एकच माणूस काढायचं. ती स्वतः दिवसभर शिवणाच्या दुकानात असायची, तेव्हा घरी तेच माणूस असायचं.

दोघंही वळली. आई बाकावर गुडघे चोळत बसली होती. दुखणाऱ्या गुडघ्यांनी तिने एकही तारीख चुकवली नव्हती.

"आई, पत्र तू घेतलंस?"

"घेतलं. वाचलं आणि चुलीत घातलं."

"का?"

आईने आधी लेकाकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"बाबा गेल्यावर दोन वर्षं तुम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नाही," ती म्हणाली. "दावा लागला, तेव्हा कुठे महिन्यातून एकदा माझी दोन्ही मुलं माझ्या दोन बाजूंना बसायला लागली."