परवान्यावरची खाच

रक्त ओढ्यापाशी संपलं. पलीकडे नुसता बर्फ होता आणि वरून आणखी पडतच होता.

मर्लने गुडघे टेकून हातमोज्याने बर्फ उकरून पाहिला. सकाळची गोळी त्याचीच. जरा मागे लागली, पोटात. केवढा मोठा एल्क, सांबरासारखं पण त्याहून थोराड हरीण, सहा टोकांच्या शिंगांचा नर. मान खाली घालून पाइनच्या झाडीत शिरला तो शिरलाच. चार तास दोघे भाऊ त्याचा माग काढत होते.

"पोटातली गोळी," लेलँड म्हणाला. "दोन दिवस तडफडेल बिचारा."

थोरल्या भावाची ही जुनीच खोड. दुखतं तिथेच बोट ठेवायचं.

लेलँडचा जन्म वायोमिंगातच गेला, घोडी सांभाळण्यात. मर्ल तीस वर्षांपूर्वी ओहायोच्या टायर कारखान्यात गेला आणि कागदोपत्री परराज्याचा झाला. परराज्यातल्या शिकाऱ्याने या रानात एकट्याने पाऊल टाकायचं नाही, सोबत इथला माणूस हवा, असा कायदा. ज्या डोंगरात बाबांनी त्याच्या हाती पहिली बंदूक दिली, तिथे तो आता भावाच्या सहीवर आला होता. सोडतीत परवाना लागायलाच अकरा वर्षं गेली. पुन्हा लागेल तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला असेल, आणि गुडघे तर आजच कुरकुरत होते.

"पुरे आता," लेलँड म्हणाला. दोघे घोड्यांकडे जायला डोंगराची धार चढू लागले.

वर पोचले आणि लेलँडने त्याची बाही धरली. खाली, ऐंशी पावलांवर, मोकळ्या जागेत एक नर आडवा उभा होता. हा दुसराच. एक शिंग मोडलेलं, अंगावर ओरखडासुद्धा नाही.

मर्लने बंदूक खांद्याला लावली. हात कधी नव्हे इतका स्थिर होता. मग नळी हळूहळू खाली आली.

"काय झालं? झाड ना गोळी!" लेलँड कुजबुजला.

"रक्त सांडलं की परवाना संपला. बाबा म्हणायचे."

"कायद्यात तसं कुठे आहे? जनावर सापडलं नाही. तुझा परवाना कोरा आहे."

"पण बाबांनी—"

"तो नियम घरच्यांना होता." लेलँडची नजर नरावरून हलली नाही. "तू पाहुणा. तुला कसला आलाय नियम? मार, आणि जा मांस घेऊन तुझ्या ओहायोला."

मर्लच्या वर्मी लागलं. बाबांच्या मातीला तो दोन दिवस उशिरा पोचला होता, तेव्हाही लेलँड इतकं टाकून बोलला नव्हता.

त्याने बंदूक बर्फावर ठेवली. आतल्या खिशातून परवाना काढला, मागोमाग सुरी. शिकार पडली की परवान्यावर छापलेला त्या दिवसाचा महिना आणि तारीख कापायची, म्हणजे तो पुन्हा चालत नाही. बोटं गारठली होती. पहिली खाच वाकडी गेली, दुसरी नीट आली. कागदाचे दोन कपटे वाऱ्यावर उडाले.

खालच्या नराने मान वर करून पाहिलं आणि सावकाश झाडीत निघून गेला. अकरा वर्षं चालत गेली होती.

लेलँडने परवाना हातात घेतला, दोन्ही खाचा निरखून पाहिल्या आणि परत दिला. मग घोड्यांकडे न जाता तो आल्या वाटेने उतरू लागला.

"तिकडे कुठे?" मर्लने विचारलं. "एव्हाना सगळं बुजलं असेल."

"बुजू दे," लेलँड मागे न वळता म्हणाला. "आपल्याकडे अंधार पडेपर्यंत शोधतात."