आता माझं बोट

स्टीलचा पेला फरशीवर खणखणला. शांत घरात सगळ्यांना कळलं, धाकटी पुन्हा माठापाशी गेली आहे.

"उठल्यापासून चौथा पेला!" आई ओट्यापाशीच कडाडली. "आणि मग गादी ओली करायची!"

पाच वर्षांची पोर. सुटलेली सवय तीन आठवड्यांपूर्वी परत सुरू झाली होती. "मोठीचे लाड बघते ना, म्हणून ही नाटकं," बाबा म्हणायचे. आईलाही पटलं होतं. थोरलीला दोन वर्षांपासून मधुमेह. रोज सकाळी तिचं बोट टोचून मशीनवर साखर बघायची, इन्सुलिन द्यायचं, मोजूनमापून खायला घालायचं. तेवढा वेळ आई तिची एकटीची. धाकटी समोर बसून टुकूटुकू बघायची. तिचे फ्रॉक सैल झाले, तर आईने बाजूने टाके घालून दिले. मुलांनाही मधुमेह होतो, हे या घराला कुणी सांगायला नको होतं. तरी तहान दिसली नाही. दिसला तो हेवा.

आज थोरलीची साखर एकशे बेचाळीस आली. "शहाणी गं माझी," आई म्हणाली.

धाकटीने हात पुढे केला. "आता माझं बोट."

"तुझं काय काम त्यात?"

"ताईचं रोज करतेस. माझं कधीच नाही."

शाळेची गाडी यायला दहा मिनिटं होती. सकाळी सकाळी भोकाड नको, म्हणून आईने नवी सुई लावली, नवी पट्टी घातली. धाकटी हूं की चूं न करता ऐटीत बसली. मशीन वाजलं.

चारशे अठरा.

"हाताला काही गोड लागलं होतं का गं?" आईने तिचे हात साबणाने धुतले, कोरडे पुसले, दुसरं बोट टोचलं.

चारशे एकवीस.

थोरलीने मशीन आपल्याकडे वळवलं. आठ वर्षांच्या त्या पोरीला काही समजावून सांगावं लागलं नाही. तिने धाकटीला घट्ट कवटाळलं आणि ती हमसून हमसून रडायला लागली.

आई दवाखान्याला फोन लावत होती. ताईच्या मिठीतून कशीबशी मान बाहेर काढत धाकटीने विचारलं,

"आई, ताई का रडते? माझा नंबर तिच्याहून मोठा आला म्हणून?"