बंद करण्यापुरतं

"मावशी, कोर्स करण्याचं कारण म्हणून तुम्ही 'बंद करायला शिकणे' एवढंच लिहिलंय," फॉर्म वाचत तृप्ती म्हणाली. प्राथमिक कॉम्प्युटरचा वर्ग ती घेत असे.

"तेवढंच शिकायचंय," सिंधूबाई म्हणाल्या. "माझा मुलगा उमाकांत दोन वर्षांपूर्वी गेला. जायच्या आधी दवाखान्यात त्याचं मन मशीनमध्ये उतरवून घेतलं. मीच हट्ट धरला होता."

"म्हणजे तो बोलतो तुमच्याशी?"

"रोज. त्याला तिथं झोप लागत नाही. आता पुरे, बंद कर म्हणतो. पण कायद्यानं ते घरच्याच माणसानं स्वतःच्या हातानं करायचं असतं, आणि मला माउससुद्धा धरता येत नाही. होता तेव्हा शिक, शिक म्हणायचा. मी म्हणायचे, तू आहेस की."

तृप्तीनं मान खाली घालून फॉर्मवर शिक्का मारला. सगळे रकाने अचूक भरले होते, एकही खाडाखोड नव्हती.

"फॉर्म कुणी भरून दिला?"

"त्यानंच सांगितलं, मी लिहीत गेले," सिंधूबाई म्हणाल्या. "उद्याच्या बॅचला जागा आहे का, तेवढं विचारून ये म्हणालाय."