समोरून सगळं ठीक

“तळहात वर करा, काका,” डॉक्टर म्हणाली.

ड्रायव्हरने दात आवळले, पण पोटाशी चिकटलेला उजवा हात तसूभरही बाहेर वळेना. परवा पलंगावरून पडलो, असं त्याने सांगितलं होतं. दुसऱ्या एका दवाखान्यात एक्स-रेचा फोटो काढला, तिथे हाड जागच्या जागी आहे, स्नायू दुखावलाय, शेक घ्या म्हणून त्याला घरी पाठवलं. तेव्हापासून बायकोच त्याच्या सदऱ्याची बटणं लावून देत होती.

डॉक्टरने तो फोटो उजेडात धरला. समोरून सगळं ठीक दिसत होतं. तिचं समाधान होईना. तिने बाजूने दुसरा काढायला लावला. त्यात खांद्याचा गोळा खोबणीतून निसटून चक्क मागे जाऊन बसला होता.

खांदा सहसा पुढे निखळतो. असा मागे गेला की विजेचा झटका किंवा फिट, हे आधी मनात येतं. विजेचा धक्का बसला होता का, तिने विचारलं. तो नाही म्हणाला. मग तिने जीभ दाखवायला सांगितली. कडेला दातांची काळीनिळी खूण होती.

बायको इतका वेळ पिशवीच्या बंदाशी चाळा करत उभी होती. “ही दुसरी खेप,” ती म्हणाली. “पहिल्या वेळी कुणाला सांगू नको म्हणून ह्यांनी मला शपथ घातली. सकाळी उठून गाडीवर गेले.”

तो तिच्यावर डाफरेल असं डॉक्टरला वाटलं. त्याने नुसती मान खाली घातली. शाळेची बस चालवतो, बेचाळीस पोरं असतात, एवढंच म्हणाला.

गुंगीचं इंजेक्शन देऊन डॉक्टरने आणि नर्सने हात हळूहळू ओढत गोळा जागेवर बसवला. तासाभराने तो नीट जागा झाला, तेव्हा हात गळ्यातल्या झोळीत होता. कागदावर फिटचं लिहावं लागेल, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवावं लागेल, हे तिने आडवळण न घेता सांगितलं. मग बायकोला शाळेचा नंबर लावायला सांगून त्याने फोन डाव्या हातात घेतला.

“उद्यापासून दुसरा ड्रायव्हर बघा. नाही साहेब, खांद्याचं नाही. मला फिट येते.”

तिकडून, किती दिवस, असं विचारलं असावं. फोन छातीशी धरून त्याने डॉक्टरकडे पाहिलं.

खांद्याचे तीन आठवडे तिला चटकन सांगता आले असते; फिट येणाऱ्याला पोरांची बस पुन्हा चालवता येईल का, हे नाही. तिने स्टूल ओढलं आणि ती त्याच्या शेजारी बसली.